पिकअप, एसटी, रेल्वे: अपघाताची भरपाई मागताना कुठे अडतं? (जळगाव-धुळे-नंदुरबार)

गिरणाकाठ
रावेर-यावलची केळीची कापणी असो की चोपडा-शिरपूरची कापसाची वेचणी, मजूर पिकअपमध्ये नाहीतर ट्रॉलीत उभे राहूनच शेतावर जातात. गाडी उलटली की पेपरात चार ओळी येतात. पुढे त्या जखमींना काय मिळालं, ते कुठेच छापून येत नाही. पाय मोडलेला माणूस सहा महिने घरी बसतो आणि घरचे म्हणतात, "बरा झाला की वकिलाकडे जाऊ." माझ्या मते भरपाई बुडते ती इथेच, न्यायालयात नाही.

जाणकारांना दोन प्रश्न. मालवाहू गाडीत बसलेल्या मजुराचा विम्यावर दावा बसतो का? आणि पहिल्या पंधरा दिवसांत घरच्यांनी कुठून कोणता कागद घ्यायचा? एसटी, कालीपिवळी, रेल्वे यांबद्दलही लिहा. कोणाची नावं नकोत, नेमकी माहिती हवी.

निशाणी_क्रमांक_२१
आधी मुदतीचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. ही अट २०१९ च्या दुरुस्तीने आली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्याआधी जवळजवळ सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं मुदतच नव्हती. म्हणून गावातले जुने लोक आजही सांगतात, "दावा कधीही टाकता येतो." त्यांच्या काळापुरतं ते खरं होतं. नव्या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कोणी थांबू नये. सहा महिने ही शेवटची तारीख समजा आणि तिसऱ्या महिन्यातच दावा टाका. उपचार चालू असले तरी टाकता येतो, पुढची बिलं नंतर जोडता येतात.

सातपुडा_पायथा
दावा कुठे टाकायचा यावरही गैरसमज आहेत. पळासनेर ओलांडून सेंधव्याकडे अपघात झाला आणि गुन्हा मध्य प्रदेशात नोंदला गेला, तरी दावा जळगाव-धुळ्यात चालतो. अपघाताचं ठिकाण, अर्जदार राहतो किंवा धंदा करतो ते ठिकाण, किंवा प्रतिवादीचं ठिकाण, यातलं कोणतंही निवडता येतं. गुजरातमध्ये ऊसतोडीला गेलेल्या नंदुरबारच्या कुटुंबांना हे आवर्जून सांगा. पोलिसांचे कागद मात्र तिकडून आणावे लागतात, आणि गुजरातीतल्या पंचनाम्याचं भाषांतर करून जोडावं लागतं.

अपघात_विभाग
गिरणाकाठ भाऊ, पहिला कागद पोलिस ठाण्यात तयार होत नाही, दवाखान्यात होतो. अपघात विभागात रात्री डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" सोबत आलेला माणूस घाबरलेला असतो, पोलिसांचं झंझट नको म्हणून सांगून टाकतो, "गाडीवरून पडला." एमएलसीच्या (पोलिस प्रकरण असलेल्या रुग्णांच्या) वहीत तेवढंच लिहिलं जातं. तीन आठवड्यांनी फिर्यादीत ट्रकने धडक दिल्याचं येतं, आणि विमा कंपनीचा वकील उलटतपासात ती वही काढतो. जखमी खरं बोलत असला तरी त्याच्यावर संशय येतो.

म्हणून दाखल करतानाच सांगायचं: कोणत्या प्रकारच्या गाडीने, कुठे, किती वाजता. नंबर माहीत असेल तर नंबर, अर्धा आठवत असेल तर अर्धा. लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा. नाव आधारवर आहे तसंच लिहून घ्या. "राजू" आणि "राजेंद्र" या एवढ्या फरकावरून पुढे चार तारखा जातात.

खाकी_फाईल
पोलिसांकडचे कागद लिहून घ्या. फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, जखमीचा जबाब, साक्षीदारांचे जबाब, गाडीची आरटीओ तपासणी, चालकाचा परवाना, आरसी, विमा, फिटनेस आणि परमिट. मृत्यू असेल तर इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल. शेवटी दोषारोपपत्र. आपल्याकडे दाव्यासोबत कॉम्प-एए नमुनाही लागतो. त्यात पोलीस गाडी, मालक, चालक आणि विम्याचा तपशील भरून देतात.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार तपासी अंमलदाराने ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल दावा न्यायाधिकरणाला (मोटार अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाला) द्यायचा असतो. प्रत जखमीला आणि विमा कंपनीलाही मिळते. मधल्या काळात जखमीकडून नमुना ६ भरून घेतात: उत्पन्न, अवलंबून असलेली माणसं, उपचार, खर्च. हा फॉर्म घाईत भरू नका. त्यात उत्पन्न "शून्य" किंवा "घरकाम" असं लिहिलं गेलं की तेच पुढे चिकटून राहतं.

तापीची_लेक
हा सविस्तर अहवालच न्यायाधिकरण अर्ज म्हणून धरू शकतं ना? मग वेगळा दावा कशाला?

निशाणी_क्रमांक_२१
ताई, कलम १६६(४) तसंच सांगतं. पण अहवाल उशिरा गेला, चुकीच्या न्यायाधिकरणात गेला किंवा त्यात दोन जखमींपैकी एकाचंच नाव असलं, तर सहा महिने निघून जातात. स्वतःचा अर्ज वेगळा टाकलेला असावा. दोन्ही एकत्र चालवता येतात.

पिवळा_परमिट
पोलिसांवर थांबू नका. गाडीचा नंबर असेल तर एम-परिवहन या सरकारी ॲपवर विमा कंपनीचं नाव आणि मुदत दिसते. त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढा. अपघाताच्या तारखेला विमा चालू होता का, हे महत्त्वाचं, आज चालू आहे का हे नाही. अपघातानंतर दोन तासांनी विमा उतरवणारेही असतात, म्हणून पॉलिसीवरची वेळसुद्धा बघा.

आणि एक कळकळीची विनंती. चालकाकडे परवाना नाही म्हणून गावातला दुसरा माणूस "मी चालवत होतो" म्हणून उभा करतात. असं करू नका. परवाना नसला तरी तिऱ्हाईत (थर्ड पार्टी) जखमीला बहुतेक वेळा आधी विमा कंपनी पैसे देते आणि नंतर मालकाकडून वसूल करते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्ण सिंग निकालापासून हे चालत आलंय. चालक बदलल्याचं उघड झालं तर अख्खा दावा जातो आणि वर गुन्हा दाखल होतो.

केळीबाग_निंभोरा
+१. शेजाऱ्याला वाचवायला म्हणून करतात, आणि मरतो तो जखमी.

लाल_डबा
एसटीचं सांगतो. एसटी महामंडळाच्या गाड्यांना बाहेरच्या कंपनीचा विमा नसतो, महामंडळ स्वतःच्या निधीतून भरपाई देतं. म्हणून दाव्यात विमा कंपनी शोधत बसू नका. महामंडळाला विभाग नियंत्रकामार्फत प्रतिवादी करायचं. एप्रिल २०१६ पासून तिकिटावर एक रुपया अपघात सहाय्यता निधीचा घेतला जातो, आणि त्यातून प्रवाशाच्या मृत्यूला दहा लाख रुपयांपर्यंतची तरतूद आहे. तिकीट जपून ठेवा. महिलांचं अर्ध्या भाड्याचं असो की पंचाहत्तरीच्या पुढच्यांचं शून्य रुपयाचं, कागद घ्यायचाच. थर्मल कागदावरची शाई उन्हात महिन्याभरात उडते, त्याच दिवशी फोटो काढा.

एसटी आणि ट्रक समोरासमोर धडकले तर चूक कोणाची यावर दोघे भांडतात. प्रवाशाने त्या भांडणात पडायचं कारण नाही, त्याची काहीच चूक नसते. दोघांपैकी कोणा एकाकडून पूर्ण रक्कम मागता येते. त्यांनी आपसात काय वाटायचं ते वाटावं. २०१५ च्या खेन्येई निकालात हे आलेलं आहे. तरीही दावा टाकताना दोघांनाही पक्षकार करा.

चाळीसगाव_घाट
कालीपिवळीचं काय? सात जणांची परवानगी आणि बसलेले पंधरा.

लाल_डबा
विमा कंपनीची जबाबदारी पॉलिसीतल्या प्रवासी संख्येपुरतीच. पंधरा जखमींचे निवाडे झाले तर त्यातले सर्वांत मोठे सात धरून तेवढी एकूण रक्कम कंपनी भरते आणि ती सगळ्यांत प्रमाणात वाटली जाते. उरलेलं मालकाकडून वसूल करायचं. मालकाकडे दुसरं काही नसेल तर ते कागदावरच राहतं, हे खरं आहे. म्हणून समोरची गाडी कोणती होती आणि तिची चूक होती का, हे आधी तपासा.

हिशेबनीस
आता रकमेचं, कारण लोक "पाय मोडला, लाख-दोन लाख मिळतील" असा अंदाज बांधतात. उदाहरण घ्या. वय ३२, केळी कापणारा मजूर, महिना १२,००० उत्पन्न सिद्ध झालं. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाला भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के, म्हणजे १६,८००. वर्षाचे २,०१,६००. वय ३१ ते ३५ ला गुणक १६, म्हणजे ३२,२५,६००. कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं ठरलं तर ९,६७,६८०. यात उपचाराची बिलं, बुडालेली मजुरी, सोबतीच्या माणसाचा खर्च, वाहतूक, खुराक, वेदना आणि पुढची शस्त्रक्रिया हे वेगळं मिळवायचं. जखमीच्या दाव्यात स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश कापत नाहीत, ती कपात मृत्यूच्या दाव्यात असते. विमा कंपनीच्या तडजोडीच्या कागदात ती गुपचूप घातलेली असू शकते, तपासून घ्या.

गुणक २००९ च्या सरला वर्मा निकालातला: १५ ते २५ ला १८, मग दर पाच वर्षांना एकेक कमी होत ४६ ते ५० ला १३, नंतर ११, ९, ७ आणि पासष्टीपुढे ५. वाढीचे टक्के २०१७ च्या प्रणय सेठी निकालातले: स्वयंरोजगारीला ४० पर्यंत ४०, पन्नाशीपर्यंत २५, साठीपर्यंत १०.

अपघात_विभाग
हिशेबनीस, इथे एक अडचण आहे. अपंगत्व प्रमाणपत्रावर ३० टक्के लिहिलेलं असतं ते बहुतेकदा त्या अवयवाचं, अख्ख्या शरीराचं नव्हे. कंपनी लगेच म्हणते, शरीराचं दहाच टक्के धरा.

हिशेबनीस
बरोबर. म्हणूनच "कमाईची क्षमता" असं लिहिलं. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालाने तीन पायऱ्या घातल्या आहेत: माणूस काय काम करत होता, आता काय करू शकतो, आणि त्याने कमाई किती घटते. गुडघा वाकत नाही हे कारकुनाला दहा टक्के असेल, पण ट्रक चालकाला किंवा केळीचा घड खांद्यावर घेणाऱ्याला ते जवळजवळ शंभर टक्के असू शकतं. प्रमाणपत्रावरचा आकडा तसाच उचलायचा नसतो, कमाईचं नुकसान त्याहून जास्तही निघू शकतं आणि कमीही. पण हे डॉक्टरांनी साक्षीत सांगावं लागतं: "हा माणूस उकिडवा बसू शकत नाही, ओझं उचलू शकत नाही." नुसतं प्रमाणपत्र जोडून भागत नाही.

निशाणी_क्रमांक_२१
आणि दावा रखडतो तो डॉक्टरांच्या साक्षीवरच. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर धुळ्याला किंवा नाशिकला, दावा भुसावळला. समन्स जातं, डॉक्टर येत नाहीत. अशा वेळी न्यायालय आयुक्त नेमून दवाखान्यातच साक्ष नोंदवता येते. तसा अर्ज द्यायचा. प्रमाणपत्र शक्यतो ज्यांनी उपचार केले त्यांचं किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मंडळाचं. दाव्याच्या आदल्या आठवड्यात भलत्याच डॉक्टरांकडून आणलेलं प्रमाणपत्र टिकत नाही.

तापीची_लेक
मजुराचं १२,००० सिद्ध कसं करायचं? हजेरीपत्रक नसतं, रोख मजुरी मिळते.

केळीबाग_निंभोरा
ताई, मुकादमाची वही असते. कापणीच्या तारखा, किती जण, किती मजुरी, सगळं त्यात असतं. पानांचे फोटो काढा आणि मुकादमाला साक्षीला आणा. बागायतदाराने केळीच्या काट्यावर पैसे दिल्याची पावती, बँकेत जमा रकमा, बचत गटाच्या हप्त्याची नोंद, हे सगळं चालतं. स्वतःची शेती असेल तर सातबारा, पीकपेरा, जिनिंगची पावती. फक्त सातबारा पुरत नाही. जमीन जागेवरच आहे, मग नुकसान काय, असं विचारतात. माणूस स्वतः राबायचा आणि आता मजूर लावावा लागतो, हे दाखवायचं. काहीच नसेल तर न्यायालय किमान वेतनाचा आधार घेतं. घरकाम करणाऱ्या बाईच्या कामालाही मोल धरलं जातं, "गृहिणी" लिहिलं म्हणून दावा शून्य होत नाही.

आमच्याकडे म्हणतात तसं, कागद शे तं दावा शे.

औषधाची_पावती
बिलांबाबत: मूळ पावत्या लागतात, आणि प्रत्येक औषधाच्या पावतीला त्या तारखेची चिठ्ठी. मेडिक्लेम असेल तर मूळ बिलं तिकडे जातात, म्हणून देण्याआधी दवाखान्याच्या शिक्क्याच्या प्रती करून ठेवा. मेडिक्लेमची रक्कम अपघात भरपाईतून वजा करायची नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये ठरवलं आहे. कंपनीने वजावट मागितली तर हे दाखवा.

उपचाराच्या पैशासाठी सोनं गहाण टाकण्याआधी रोकडरहित योजना विचारा. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे: नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत. पोलिसांनी अपघाताची खात्री ऑनलाइन द्यावी लागते, म्हणून ११२ वर फोन करून नोंद करणं इथे कामाला येतं.

भुसावळ_फलाट
रेल्वेचं पूर्ण वेगळं आहे, मोटार न्यायाधिकरणाकडे जाऊच नका. रेल्वे दावा न्यायाधिकरण, आपल्या बाजूला मुंबई आणि नागपूर. मुदत एक वर्ष. गाडीतून पडणं, चढता-उतरताना घसरणं हे रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ खाली येतं. प्रवाशाची चूक होती का हा प्रश्नच नसतो. मृत्यूला १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख, आणि जखमेसाठी ठरलेलं कोष्टक आहे. आत्महत्या, स्वतःहून केलेली इजा, नशा, स्वतःचा गुन्हा आणि आजारपण, एवढ्यात मिळत नाही. रूळ ओलांडताना गाडीखाली आलेला माणूस यात येत नाही.

तिकीट सापडलं नाही म्हणून घरचे गप्प बसतात. २०१८ च्या रीना देवी निकालाप्रमाणे तिकीट नसणं एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही. शपथपत्र आणि आसपासच्या गोष्टींवरून प्रवास दाखवता येतो: कोणाला सांगून निघाले, फोनवर बोलणं, तिकीट घेताना सोबत कोण होतं. लोहमार्ग पोलिसांच्या झडती पंचनाम्यात खिशात काय सापडलं ते नीट लिहून घ्या. स्टेशन मास्तरचा मेमो आणि विभागीय चौकशीचा अहवाल मागा. पास चालतो, फलाट तिकीटवालाही प्रवासी धरला जातो.

ऑनलाइन तिकिटावर ४५ पैशांचा विमा निवडला असेल तर मृत्यूला दहा लाख वेगळे, पण मेसेजमध्ये येणाऱ्या दुव्यावर वारसाचं नाव भरलेलं असावं. बहुतेक जण ते भरतच नाहीत.

चाळीसगाव_घाट
अवांतर: पाचोऱ्याजवळ जानेवारी २०२५ मध्ये आगीच्या भीतीने लोकांनी गाडीतून उड्या टाकल्या आणि शेजारच्या रुळावरच्या गाडीखाली आले. अशा वेळी "स्वतःहून उतरले" म्हणून नाकारतील का, ही भीती लोकांना तेव्हा वाटली होती. भीतीने उडी टाकणं म्हणजे आत्महत्या नव्हे, एवढं मनात ठेवून अर्ज करायचा असतो.

अज्ञात_वाहन
धडक देऊन पळालेल्या गाडीबद्दल कोणीच लिहिलं नाही. फागणे ते पाळधी, महामार्गाच्या कडेला सायकलवाल्यांना रात्री उडवून जातात, तपास लागत नाही आणि पोलीस शेवटी अ-समरी (गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही असा अहवाल) पाठवतात. अशा वेळी मृत्यूला दोन लाख, गंभीर जखमेला पन्नास हजार मिळतात. अर्ज न्यायालयात नाही, तहसीलदार किंवा प्रांताकडे, ठरलेल्या नमुन्यात. सोबत फिर्याद, वैद्यकीय अहवाल, ओळखपत्र, पासबुक. चौकशी अधिकाऱ्याने महिन्यात अहवाल द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांत मंजुरी, त्यापुढे पंधरा दिवसांत पैसे. हाड मोडलं असलं की जखम कायद्याने गंभीर होते, म्हणून एक्स-रेचा अहवाल जोडाच. नंतर गाडी सापडली आणि कलम १६६ चा निवाडा मिळाला तर ही रक्कम परत करण्याचं हमीपत्र आधीच घेतात.

पण अर्धा नंबर जरी कोणाला दिसला असेल, तर "अज्ञात" लिहून मोकळे होऊ नका. टोलनाक्याचं आणि ढाब्यांचं कॅमेरा चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं. जपून ठेवण्यासाठी पोलिसांना दोन दिवसांत लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

सातपुडा_पायथा
आणि खड्ड्यात स्वतःच घसरला तर? समोर गाडीच नाही.

पिवळा_परमिट
स्वतःच्या चुकीचा किंवा नुसत्या घसरण्याचा दावा स्वतःच्या गाडीच्या तिऱ्हाईत विम्यावर बसत नाही. मालक-चालकासाठी पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, ते पॉलिसीत घेतलं आहे का बघा. परवाना चालू असावा लागतो, आणि गाडी स्वतःच्या नावावर. भावाची गाडी घेऊन पडलात तर अडतं. मागे बसलेल्यासाठी फक्त तिऱ्हाईत पॉलिसी पुरत नाही, पॅकेज पॉलिसी लागते. खड्ड्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मृत्यूला सहा लाख आणि जखमेला पन्नास हजार ते अडीच लाख असं ठरवून दिलं आहे. तिथे मागणी रस्ता ज्याच्या ताब्यात त्याच्याकडे.

गिरणाकाठ
खूप माहिती आली, मनापासून आभार. पण माझा पहिला प्रश्न राहिला: पिकअपमधले मजूर.

निशाणी_क्रमांक_२१
राहिला नाही भाऊ, अवघड आहे म्हणून शेवटी घेतला. तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पिकअपला दुसऱ्या गाडीने धडक दिली आणि चूक त्या गाडीची, तर तिच्या दृष्टीने हे मजूर तिऱ्हाईतच. पिकअप मालवाहू होती, माणसं जास्त होती, याने त्या कंपनीची सुटका होत नाही. पूर्ण दावा तिच्यावर.

पिकअप स्वतःच उलटली, आणि मजूर त्याच मालकाचे हमाल म्हणून माल भरायला-उतरवायला गाडीवर होते, तर पॉलिसीत कर्मचाऱ्यांची जबाबदारी येते, पण कामगार भरपाईच्या हिशेबापुरती. मालासोबत बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधीही येतो.

पिकअप उलटली आणि मजूर दुसऱ्याच बागेत कापणीला निघालेले, गाडीत माल नाही, तर कायदा त्यांना फुकट प्रवासी धरतो आणि विमा कंपनी सुटते. काही प्रकरणांत आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा असा आदेश होतो, पण तो हक्काने मागता येत नाही. गाडीमालक मात्र स्वतः जबाबदार राहतोच. ज्या बागायतदाराने कामाला बोलावलं त्याच्याकडे कामगार भरपाईचा वेगळा रस्ता उघडा असू शकतो. दोन्हीकडे मागता येत असेल तर कलम १६७ प्रमाणे एकच रस्ता निवडायचा, म्हणून निवडण्याआधी दोन्ही रकमा मांडून बघा. जबाबात जे खरं आहे तेच लिहा. हमाल नसताना हमाल लिहून दिलं तर दुसरे मजूरच उलटतपासात वेगळं सांगतात.

केळीबाग_निंभोरा
ट्रॅक्टरचं यात जोडा. शेतीच्या पॉलिसीत चालक असतो, चाकाच्या पंख्यावर बसलेला नसतो. ट्रॉलीचा विमा वेगळा काढावा लागतो, मजूर जादा हप्ता भरून जोडता येतात. दरवर्षी नूतनीकरण करताना बागायतदारांनी हे एजंटाला विचारून घ्यावं, कापणीच्या टोळीत बाया असतात, कॉलेजची पोरं असतात.

तापीची_लेक
पोलिस ठाण्यातच मालक दोन-चार हजार हातावर ठेवून "आपसात मिटलं" असं लिहून घेतो, त्याने दावा जातो का?

खाकी_फाईल
तेवढ्याने जात नाही ताई, पण सही केलेला तो कागद पुढे समोर येतो. तातडीचे पैसे घेतले तर "उपचारासाठी आगाऊ" एवढंच लिहा, "माझी काही तक्रार नाही" लिहू नका.

कंपनीकडून येणाऱ्या तडजोडीबाबत जास्त सावध राहा. गंभीर जखमेला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख, चूक कोणाची हे न बघता, कलम १६४ खाली आहेत. ती रक्कम कलम १४९ च्या पद्धतीने स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. हाड जुळलंय की नाही, सळई काढायची आहे की नाही, हे कळायच्या आत सही करू नका. बोटाच्या साध्या फ्रॅक्चरला अडीच लाख चांगले. मांडीचं हाड मोडलेल्या मजुराला ते अगदी थोडे.

हिशेबनीस
लोकअदालतीतही हेच बघा. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर नव्वद दिवसांत छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जाता येतं, वादाची रक्कम लाखाच्या आत नसेल तर. व्याज दाव्याच्या तारखेपासून धरतात, म्हणून लवकर दाखल केलेल्या दाव्याला तेवढे महिने जास्त मिळतात.

सातपुडा_पायथा
फीचं कोणी सांगा. "मिळतील त्यातले तीस टक्के" असं ठरवतात.

निशाणी_क्रमांक_२१
निकालावर टक्का ठरवायला वकिलांच्या नियमांतच मनाई आहे. फी आकड्यात ठरवा, पावती घ्या. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. कार्यालय जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हा न्यायालयांच्या आवारात आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या लोकांना तालुका समितीकडेही अर्ज देता येतो.

गिरणाकाठ
मुकादमांच्या गटावर टाकायला एका पानात काढतोय: एमएलसीत काय सांगायचं, मजुरीच्या वहीचे फोटो, आणि सहा महिन्यांची तारीख ठळक. खाकी_फाईल, नमुना ६ मधले उत्पन्नाचे रकाने कसे भरायचे तेवढं लिहून द्याल का? या हंगामाच्या टोळ्या निघायच्या आत पोचवायचंय.

खाकी_फाईल
आज रात्री टाकतो. सोबत कॉम्प-एए मधले मालक आणि विम्याचे रकानेही देतो, तिथे पॉलिसी क्रमांकाचा एक आकडा चुकला तरी नोटीस परत येते.